मखराचे थर

भाद्रपदाच्या आधीच्या आठवड्यात घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रोत उभे राहून प्रवास केला, तर एक दृश्य हटकून दिसते. कोणीतरी एक चपटे, दीड-दोन हात लांबीचे, तपकिरी कागदात गुंडाळलेले पार्सल पायाशी उभे धरून ठेवलेले असते. आत काय आहे हे विचारावे लागत नाही. घरच्या गणपतीचे मखर आहे, पण सुटे केलेले. लाकडी पाट्यांचे ते दहा-बारा तुकडे घरी गेल्यावर एकमेकांच्या खाचांत बसवायचे, मागे दिव्यांची माळ लावायची, आणि अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा सुटे करून माळ्यावर टाकायचे. ज्यांनी परळ-लालबागहून थर्माकोलचे मखर लोकलच्या लगेजच्या डब्यात, गर्दीच्या डोक्यावरून, जणू काचेची समई न्यावी तसे अंधेरी-बोरिवलीपर्यंत नेले आहे, त्यांना या चपट्या पार्सलाचे सुख वेगळे सांगायला नको.

या सुखाचा इतिहास लिहावा असे आम्हांला वाटले, त्याला कारण एक पाकळी. तिच्याकडे आम्ही शेवटी येऊ. आधी मखराविषयी.

मखर ही टाकाऊ वस्तू आहे की टिकाऊ, हा प्रश्न आज पर्यावरणाच्या भाषेत विचारला जातो. तो त्याहून जुना आहे. सिंधुदुर्गात गणपतीच्या वर माटवी बांधतात, गोव्यात तिला माटोळी म्हणतात. तिची रचना पाहण्यासारखी आहे. लाकडी पट्ट्यांची एक चौकट छताला टांगलेली असते, आणि तिला नारळ, सुपारीचे शिपटे, कवंडळे, कांगण्या, तेरडा, आंब्याचे टाळे असा रानातला आणि परसातला ऐवज बांधतात. चौकट वर्षानुवर्षे तीच राहते, आणि तिला जे बांधले जाते ते दरवर्षी नवे असते व दरवर्षी कोमेजते. म्हणजे टिकणारे आणि न टिकणारे असे दोन थर या सजावटीत मुळातच वेगळे केलेले होते, आणि सौंदर्याचा सारा भार न टिकणाऱ्या थरावर होता. लाकूड केवळ आधाराला असे.

मुंबईच्या चाळीत हा हिशेब बदलला. तिथे रान नव्हते आणि परसही नव्हते. रंगीत कागद, पुठ्ठा, बेगड, जिलेटिनचा कागद, कापूस यांची मखरे घरोघरी होऊ लागली, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत थर्माकोलने या सर्वांना बाजूला सारले. वेष्टनासाठी आणि थंडावा राखण्यासाठी निर्माण झालेला हा फुगवलेल्या पॉलिस्टायरिनचा पांढरा, हलका, भुसभुशीत पदार्थ. कारागिरांनी त्याच्यात संगमरवर पाहिला. तापलेल्या तारेने आणि धारदार पात्याने त्याला महिरपी, खांब, कळस, मोर, कमळे, हत्तींच्या ओळी असे सर्व काही देता येते हे त्यांनी शोधून काढले, आणि हे शोधताना त्यांच्या पुढ्यात कोणताही ग्रंथ नव्हता. आमच्या मते गेल्या पन्नास वर्षांत मुंबईच्या मराठी वस्तीने घडवलेली सर्वांत मोठी दृश्य परंपरा ही होय. तिची नोंद कलेच्या इतिहासात जवळजवळ नाही. दहा दिवसांचे आयुष्य असलेल्या वस्तूंचे संग्रहालय कोण करणार? माटवीतला नाशवंत थर आता नाश न पावणाऱ्या पदार्थात कोरला जात होता, आणि तरीही दहा दिवसांनी फेकला जात होता. विसंगती इतकी उघड होती, की ती कोणाला दिसली नाही.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्या वर्षी गणेशचतुर्थी १३ सप्टेंबरला होती. मखरांचे काम महिनोन्महिने आधी सुरू होते; माल भरलेला, मागण्या घेतलेल्या. थर्माकोलच्या कारागिरांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि निदान सजावटीपुरती सवलत मिळावी असे तिने मागितले. जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. बंदी योग्य होती असे आम्ही मानतो. मुंबईच्या खाड्यांच्या काठी जे पांढरे कण साचलेले दिसतात, ते पाहिल्यावर दुसरे मत होणे कठीण आहे. परंतु योग्य निर्णयाचेही एक मोल असते, आणि या निर्णयाचे मोल तार आणि पाते हाताळणाऱ्या माणसांनी दिले. पुढे जी रिकामी जागा झाली ती पुठ्ठ्याने, कापडाने, कागदाने आणि लेझरवर कापलेल्या लाकडी पाट्यांनी भरून काढली.

लेझरची कथा साधारणपणे परदेशाची म्हणून सांगितली जाते. थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला, हे सर्वश्रुत आहे. आपल्या गाळ्यांत लाकूड कापते ते यंत्र मात्र त्या कुळातले नव्हे. ते कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरवर चालते. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी सिद्ध केला. पटेलांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात झाले, आणि मग ते स्टॅनफर्डला गेले. बारामतीत जन्मलेल्या माणसाच्या किरणाने मरोळच्या गाळ्यात गणपतीचे मखर कापले जाते, ही गोष्ट मखर विकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि विकत घेणाऱ्यालाही. त्यातून काही अभिमान वगैरे काढण्याचा आमचा हेतू नाही. पण परदेशी यंत्र आले आणि देशी कला गेली, असे जे सोपे कथानक आपण रचतो, त्याच्यात एवढी तरी अडचण उभी राहावी.

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. लाकूड, कागद, कापड, ॲक्रिलिक हे पदार्थ ती चटकन शोषतात आणि जळून वाफ होतात. थर्माकोल या किरणाखाली वितळून आक्रसते, म्हणून ज्या पदार्थात ही कला घडली तोच या यंत्राला नीट सोसत नाही, हाही एक योगायोग. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी किरणासोबत प्राणवायूचा झोत सोडून पोलाद कापून दाखवले, तेव्हा लेझर हे कापण्याचे हत्यार ठरले. त्यानंतर त्याला जी पहिली औद्योगिक कामे मिळाली, त्यांत प्लायवूडमध्ये बारीक चिरा पाडण्याचे एक काम होते: त्या चिरांत पोलादी पाती बसवून पुठ्ठ्याची खोकी कापण्याचे साचे बनत. लाकूड आणि लेझर यांची ओळख अशी खोक्यांच्या धंद्यात झाली.

महाराष्ट्रात हे यंत्र सामान्य माणसाच्या हाती देण्याचा एक प्रयत्न फार लवकर झाला, तोही मुंबईत नव्हे. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅबलॅब उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅबलॅबमध्ये तिची गणना होते. उपनगरांत मात्र यंत्र आले ते धंद्याच्या वाटेने. पाट्या, ट्रॉफ्या, लग्नपत्रिका, ॲक्रिलिकची अक्षरे ही कामे करणाऱ्या गाळ्यांत चिनी बनावटीची, काचेच्या नळीची स्वस्त यंत्रे आली. अंधेरी पूर्वेला मरोळची औद्योगिक वसाहत, सीप्झ, मुलुंड-भांडुपच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या इस्टेटी, घाटकोपरच्या गल्ल्यांतले पोटमाळे: या भागांत एका दारावर सीएनसी, दुसऱ्यावर स्क्रीन प्रिंटिंग, तिसऱ्यावर लेझर कटिंग अशा पाट्या शेजारी शेजारी दिसतात. मोठे कारखाने एकेक करून गेले, त्यांच्या जागी उंच इमारती झाल्या. गाळे मात्र तग धरून आहेत. श्रावणात या गाळ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

अशाच एका गाळ्यात आम्ही दोन पावसाळे अधूनमधून जाऊन बसलो. जळक्या लाकडाचा वास, धूर ओढणाऱ्या पंख्याची घरघर, आणि जाळीवर पसरलेल्या पाटीवरून फिरणारा तो ठिपका. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, सारे काम यंत्रच करते. खरे काम आदल्या दिवशी संगणकावर, बहुधा कोरलड्रॉमध्ये, झालेले असते, आणि ते थर लावण्याचे काम असते.

थरांचे मखर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन, पाच किंवा सात पाट्या. सर्वांत पुढच्या पाटीचे तोंड सर्वांत मोठे, मागची प्रत्येक पाटी थोडी आत सरकलेली. दोन पाट्यांमध्ये बोटभर अंतर ठेवण्यासाठी लाकडाचेच लहान तुकडे लावतात. मागून पिवळसर उजेड सोडला की प्रत्येक पाटीची कड पुढच्या पाटीच्या आत एक उजळ रेघ ओढते, आणि तीन इंचांत गाभाऱ्याची खोली भासू लागते. ही युक्ती नवी नाही. देवळाच्या दरवाजाला एकाआत एक चौकटी असतात, त्यांना आपल्याकडे द्वारशाखा म्हणतात. शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या, अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन गाभाऱ्याच्या दाराशी उभे राहावे. नजर एकेका पायरीने आत खेचली जाते. थर्माकोलच्या कारागिराने तीच गोष्ट दोन इंच, एक इंच आणि अर्धा इंच जाडीच्या शीट एकावर एक चिकटवून साधली होती. लेझरवाल्याच्या हाती जाडी नाही. त्याच्याजवळ तीन मिलिमीटरची एकच एक पाटी आहे, म्हणून त्याने जाडीच्या जागी पोकळी वापरली. आमच्या मते या सबंध कलेतली नवी गोष्ट एवढी एकच आहे, आणि ती लहान नाही.

बाकी अडचणी जुन्याच. जाळीकामाचा पहिला नियम असा, की जे भोवतालच्या लाकडाला कुठेतरी चिकटलेले नाही ते गळून पडते. गावठाणांतल्या जुन्या घरांच्या छपराला जी लाकडी झालर असे, ती कापणारा सुतार आधी भोक पाडून, त्यातून करवतीचे बारीक पाते ओवून, आतला आकार कापीत असे. त्यालाही हा नियम पाळावा लागे. किरणाला भोक पाडावे लागत नाही, पण गळून पडण्याचा नियम त्यालाही सुटत नाही.

येथे आमच्या वाचकांना रस वाटेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. देवनागरी अक्षरे कापताना शिरोरेषा कारागिराची मैत्रीण होते. रोमन लिपीतला शब्द कापला तर हाती सुटी अक्षरे येतात, ती एकेक करून पाटीवर चिकटवावी लागतात. ‘मोरया’ हा शब्द मात्र अखंड हाती येतो. सगळी अक्षरे एकाच दांडीवर वाळत घातल्यासारखी लटकलेली असतात, उचलून मखराला लावली की झाले. पण ‘मंगलमूर्ती’ म्हटले की पहिल्या अक्षरावरचा अनुस्वार निसटून जाळीखालच्या राखेत पडतो. ‘नमः’मधला विसर्ग दोनदा पडतो. ‘शुभ’ हा शब्द तर दगाबाज आहे. भ, ध, थ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते, त्यामुळे ‘शु’ एकीकडे आणि ‘भ’ दुसरीकडे होतो. मग कोणीतरी दोघांमध्ये केसाएवढा पूल टाकतो, किंवा भ ची रेघ सरळ जोडून टाकतो, आणि वाचणाऱ्याला तो ‘म’ वाटतो. अक्षरे पाटीतून आरपार काढायची असली तर सारे उलटते. ‘प’ आणि ‘व’ यांच्या पोटातले लाकूड पडते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ दोन तुकडे करून दोन्ही पाडते. मुद्रणाच्या आरंभकाळी खिळे पाडणाऱ्यांना मात्रा-वेलांट्यांनी जे छळले, त्याचीच ही नवी आवृत्ती. लिपीचे व्यक्तिमत्त्व तिला जळण्याच्या भीतीने कळावे, ही जरा क्रूर गंमत आहे खरी.

मापांची गोष्ट थोडक्यात सांगतो. किरण स्वतःही थोडे लाकूड खातो, मिलिमीटरचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. खाच अगदी मापाची काढली तर ती ढिली होते, म्हणून खाच किंचित अरुंद काढावी लागते. पाटी नावाला तीन मिलिमीटर, मोजली तर प्रत्येक खेपेला थोडी कमीअधिक. जुन्या मापाची फाइल नव्या पाटीवर चालवली तर मखर डुलू लागते. गाळ्यातला जाणता माणूस आधी कोपऱ्यात दोन लहान खाचा कापून, बोटांनी बसवून पाहतो, मगच बाकीचे काम सोडतो.

आणि ‘लाकडी’ हा शब्दही जपून वापरावा. बहुतेक मखरे एमडीएफची असतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा रासायनिक डिंकात दाबून केलेली पाटी. तो डिंक फॉर्मल्डिहाइडचा असतो. पाणी लागले की ती फुगते. ती पाण्यात विसर्जित करण्याची वस्तू नव्हे आणि शेकोटीत टाकण्याचीही नव्हे. दुकानावरच्या पाटीत ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द असतो तो एकाच अर्थाने खरा ठरू शकतो: ते मखर दहा वर्षे वापरले तर. दरवर्षी नवे घेतले तर थर्माकोल गेले आणि दुसरे काही आले, एवढेच. गिऱ्हाइकाला दरवर्षी नवे हवे असते, हे गाळेवाल्यांना पक्के ठाऊक आहे.

गणपती झाल्यावर हेच यंत्र दिवाळीच्या कंदिलांकडे वळते. बांबूच्या कामट्या आणि घोटीव कागद यांच्या जागी लाकडी पंचकोन, षटकोन. आम्हांला ते फारसे रुचत नाहीत, कारण कंदिलाने वाऱ्यात हलले पाहिजे आणि त्याच्या झिरमिळ्यांनी आवाज केला पाहिजे. डिसेंबरात बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीसाठी आणि अंधेरी-मरोळच्या गावठाणांसाठी नाताळचे तारे आणि गोठे कापले जातात. गोठ्याच्या मागच्या थरात खजुराची झाडे असतात. निरखून पाहिले तर त्यांतली काही केळीच्या खांबांसारखी दिसतात. तीच फाइल, थोडी फिरवलेली.

आता ती पाकळी.

मुलुंडला एका परिचितांकडे आम्ही एक मखर पाहिले. पुढच्या थराला पाकळ्यांची महिरप होती. खालून मोजत गेल्यास सातवी पाकळी बाकीच्यांहून जराशी रुंद होती, डावीकडे आणि उजवीकडेही. महिनाभराने बोरिवलीत वेगळ्या दुकानातून घेतलेले, वेगळ्या मापाचे मखर पाहिले. त्यालाही सातवी पाकळी रुंद. हस्तलिखितांच्या संपादनात आपण जे तत्त्व शिकवतो ते येथे डोळ्यांसमोर उभे होते: दोन प्रतींत एकच चूक आढळली तर दोन्हींचा पूर्वज एक. मरोळच्या गाळ्यात विचारल्यावर उलगडा झाला. बाजारात फिरणाऱ्या बहुतेक महिरपी जुन्या थर्माकोलच्या मखरांच्या छायाचित्रांवरून गिरवलेल्या असतात. गिरवणारा अर्धीच बाजू गिरवतो आणि संगणकाला सांगून दुसरी बाजू आरशासारखी उलटवून घेतो. म्हणजे कोणा एका कारागिराचा हात एके ठिकाणी चळला असावा, ती चूक छायाचित्रात आली, छायाचित्रातून फाइलमध्ये आली, आणि तिथे दुप्पट होऊन काटेकोर सममितीत बसली. हाताने केलेल्या प्रत्येक मखरात पाठभेद होते. यंत्राने ते पुसून टाकले, पण एक पाठभेद चुकून अमर केला. आम्ही या निष्कर्षावर खूश होतो. हा लेख तिथे संपवण्याचाही विचार होता.

पुढे घाटकोपरला एका वयस्कर कारागिराची गाठ पडली. त्यांनी वीस-पंचवीस वर्षे थर्माकोलचे काम केले होते. बंदीनंतर आता ते हंगामात पुठ्ठ्याची मखरे जोडतात. महिरपीचे छायाचित्र आम्ही त्यांच्यापुढे ठेवले आणि चळलेल्या हाताची आमची कथा सांगितली. त्यांनी चष्मा लावला, पाकळ्या मोजल्या आणि हात चळलेला नाही असे सांगितले. थर्माकोलची शीट बाजारात साधारण एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद येत असे. मोठी महिरप एका शीटमध्ये बसत नसे, दोन शीट जोडाव्या लागत. सांधा दोन पाकळ्यांमधल्या खाचेत आला तर महिरप तिथेच मोडे. म्हणून तो एका पाकळीच्या पोटात घेत, आणि ती पाकळी मुद्दाम रुंद ठेवत, म्हणजे चिकटवायला जागा मिळे आणि वर नक्षी बसवून सांधा झाकता येई. हे एकट्याचे नव्हते, त्यांच्या माहितीतले सगळेच तसे करीत. लाकडी पाटीत सांधा नाही, तर ही पाकळी रुंद कशाला ठेवली, असे उलट त्यांनीच आम्हांला विचारले.

मग त्यांनी छायाचित्र जरा लांब धरून पुन्हा पाहिले, आणि मधल्या थरातला मोर कोणाच्या हातचा असावा, याचा ते अंदाज बांधू लागले.